रिकामी चरवी

सुकन्याची आणि धुळाजीची गाठ पडली ती गेल्या वर्षी, एका अवसेला. केकची ऑर्डर तोंडावर आलेली, घरातलं दूध नासलेलं, आणि नेकनूरच्या रस्त्यानं हा पठ्ठ्या शेळ्या हाकत चाललेला.

"दूध मिळंल का?" तिनं धापा टाकत विचारलं.

"आज अवस हाय. आमी इकत न्हाई."

तिचं तोंड एवढंसं झालं. तो गालातल्या गालात हसला. "इकत न्हाई म्हन्लं... देत न्हाई, असं कुटं म्हन्लं?"

पितळी चरवीभर दूध तिच्या हातात देऊन तो गेला. अवसेला दूध नुसतं द्यायचं, त्या दिवशी बदल्यात काही घ्यायचं नाही, मागायचंही नाही, ही त्याच्या घरची रीत. रिकामं भांडं माघारी द्यायचं नाही, ही तिच्या घरची. म्हणून दुसऱ्या दिवशी चरवीत एक कपकेक ठेवून तिनं ती परत केली. मग दर अवसेला दूध येत राहिलं आणि दुसऱ्या दिवशी कपकेक जात राहिला. बोलणं वाढलं, नजरा रेंगाळू लागल्या. पण मनातलं... ते दोघांच्याही ओठांवर येऊन मागं फिरायचं.

आणि आता ती संभाजीनगरला निघाली होती, एका मोठ्या बेकरीत नोकरीला. जाणं तिला हवंच होतं. फक्त जाण्याआधी त्यानं एक शब्द बोलावा, एवढ्यासाठी तिचा जीव अडकला होता.

"अवसेला कुनी गाव सोडतं का?" आई, सत्यशीला, म्हणाली होती, म्हणून निघणं एका दिवसानं पुढं गेलं. त्या मोकळ्या दिवशी सुकन्यानं फळी आवरायला काढली. अर्धी पुडी कोको, दोन वाट्या मैदा, डब्याच्या तळाशी पिठीसाखर, चॉकलेटचा मोडका तुकडा, सात कागदी वाट्या. टाकून द्यायला हात होईना. तेवढ्यात दारात धुळाजी चरवी घेऊन उभा.

"फळी रिकामी केली?"

"उद्या चालले. सकाळी सहाची बीडची गाडी."

त्यानं चरवी उंबऱ्यावर ठेवली. "...चांगलं हाय."

"एवढंच?"

त्यानं मान खाली घातली. "शेळ्या पुढं गेल्या," म्हणाला, आणि वळला.

उरल्यासुरल्याचे सात कपकेक झाले. घरभर खमंग वास सुटला आणि सुकन्या ओव्हनपाशी बसून रडली. वर्षभराचं सगळं नुसतं दुधापुरतंच होतं, असं तिला वाटलं.

सकाळी स्टँडवर भुरभुर पाऊस होता. आई पोचवायला आली होती. तिनं चरवी मांडीवर धरली होती, आत सातही कपकेक. येईल का तो...? गाडी आली तेव्हा ती जड मनानं उठली. आणि रस्त्यानं धुळाजी धावत आला, चिंब भिजलेला, मागं एकही शेळी नाही.

"आज अवस न्हाई," तो धापा टाकत म्हणाला. "आज घेता येतं."

तिनं चरवी पुढं केली. त्यानं एक कपकेक तिथंच खाल्ला, डोळे मिटून.

"कसा झालाय?"

"उरल्यासुरल्याचा वाटत न्हाई."

आई शहाणी. तिनं पाठ फिरवून पिशवीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.

धुळाजीनं बाकीचे सहा उपरण्यात बांधले, चरवी पुसली आणि तिच्याच हातात ठेवली.

"मला कावून? तीबी रिकामी?"

"रिकामीच. तुमच्यात रिकामं भांडं माघारी देत न्हाईत, ठाव हाय मला." त्यानं मान वर केली. "माजा जीव जडलाय तुमच्यावर. काल बोललो न्हाई... अवसेला कायबी मागायचं न्हाई. आज मागतो. भरून आनाल?"

कंडक्टरनं घंटी वाजवली. सुकन्याला हसू आणि रडू एकदमच आलं.

"मीच आनीन," ती पायरीवरून म्हणाली. "दुसऱ्या कुनाच्या हाती न्हाई धाडनार."

गाडी सुटली. खिडकीतून तो दिसेनासा झाला, नेकनूर मागं पडलं, तरी बीड येईपर्यंत तिनं ती रिकामी चरवी मांडीवरून खाली ठेवली नाही.