चौथा खड्डा

चौथ्या खड्ड्यात पाच फुटांवर माणसाचं हाड लागलं, तेव्हा नाहीदने मजुरांना थांबवलं आणि गडचांदूरला पोलिसांना फोन केला.

फौजदार धनराज आले. सांगाड्याच्या कमरेवर मोठी शिळा पडलेली होती. मनगटाशी चांदीचं कडं, तुटलेलं, तांब्याच्या तारेने बांधलेलं.

धनराज तिथेच उकिडवे बसले. १९८८ साली, जमादार असताना, याच कड्याचं वर्णन त्यांनी लिहून घेतलं होतं. गुणाबाई, मजूर, कामावरून परतली नाही. खाली त्यांचाच शेरा : ट्रकवाल्यासोबत पळून गेली.

शोधायला ते गेलेच नव्हते.

"मॅडम, इथंच काऊन खोदलं?"

नाहीद पुरातत्त्वाची संशोधक. जुन्या किल्ल्याचा दगड कुठून निघाला ते ती शोधत होती. तिने विमानातून काढलेला फोटो पुढे धरला, १९९९चा. सुकत्या कपाशीत चार हिरवेगार ठिपके.

"इथे वीतभर मातीखाली चुनखडक आहे. खाण बुजवली की तिथे माती खोल होते, ओल टिकते. पीक हिरवं राहतं."

शेत नव्या मालकाचं होतं. जुना मालक उमाजी बातमी ऐकून बांधावर आला होता.

"उमाजीभाऊ, हे खड्डे कवाचे?"

"राजाच्या काळातले, साहेब. चारही. माह्या आज्यानं बुजवले."

"तुम्ही कधी दगड काढला?"

"नाई जी."

"गुणाबाई तुमच्याकडं कामाले होती?"

"होती, कपाशी निंदाले. मंग पळाली. मीच तिले ट्रकमंदी बसतांना पाह्यलं."

नाहीदने पिशवीतून दुसरा फोटो काढला. तेच शेत, १९८५चं. धनराजांनी ठिपके मोजले. पुन्हा मोजले.

तीन.

"पंच्याऐंशीत चौथा खड्डा नव्हता, उमाजीभाऊ," ते हळू म्हणाले. "तुमचा आजा तवा होता काय?"

धनराजांनी फोटो उमाजीच्या हातात दिला.

"मंग हा तुम्हीच खोदला. चोरून दगड काढाले. गुणाबाईले निंदाले नाई, खाली उतरवलं. शिळा सुटली, तिच्यावर पडली. बोभाटा झाला असता, म्हणून तुम्ही माती लोटली आन् ट्रकची गोष्ट गावात सोडली."

उमाजीने फोटो उलटा केला. "आवाज येत नव्हता जी तिचा..."

"उतरून पाह्यलं?"

"नाई."

धनराजांना त्याच्याकडे बघवेना. पाहायला तेही गेले नव्हते.

उमाजीला गाडीत बसवून ते गुणाबाईच्या मुलीकडे गेले. आई गेली तेव्हा जया आठ वर्षांची होती. ती दारात मासे साफ करत होती. धनराज उभेच राहिले.

"जया, तुही आई पळाली नव्हती. माह्यी चूक झाली."

तिचे हात थांबले.

"मी कधी मानलंच नव्हतं, साहेब. मले काऊन सांगता? गावाले सांगा."

संध्याकाळी ग्रामपंचायतीपुढे गाव जमलं. धनराजांनी कागद उघडला, उमाजीचा जबाब वाचला. मग १९८८चा शेरा. तो लिहिणाऱ्याच्या नावाशी येताच त्यांचा आवाज बसला.

"ऐकू नाई आलं," मागून जया म्हणाली.

धनराजांनी स्वतःचं नाव पुन्हा, मोठ्याने वाचलं.