पुढची चाकोरी

शुक्रवार पेठेतल्या वेणीमाधव मास्तरांना मोजण्याचा नाद होता. हायस्कुलात ते शास्त्र शिकवायचे, पण घरी आल्यावर टोपी खुंटीला लागली तरी मास्तरकी काही खुंटीला लागत नसे. अंगणातल्या डब्यात पाऊस किती साठला, दुपारी तुळशीची सावली कुठवर आली, सगळं वहीत. धाकटी बहीण मालती त्यांना चिडवायची, "दादा, लग्नाआधी वहिनीची उंचीही मोजली होतीस म्हणे?"

"चार फूट अकरा इंच," मास्तर गंभीरपणे सांगायचे, आणि स्वयंपाकघरातून गोदावरीवहिनींनी भांडं आपटल्याचा आवाज यायचा.

मालती डॉक्टर होती. तेहेतीस सालच्या सोलापुरात हे नवल होतं, आणि त्याहून मोठं नवल तिची गाडी. गावातल्या चार भल्या माणसांच्या मंडळानं महायुद्धातली एक जुनी लष्करी मोटार लिलावातून आणून तिला फिरता दवाखाना करून दिला होता. या गाडीची चारही चाकं एकदम जोर लावायची. भरीव रबराची मूळची चाकं काढून हवेची बसवली होती. चालवायला मायाप्पा, मंगळवेढ्याकडचा धनगर, लढाईत बसऱ्याच्या वाळवंटात अशीच गाडी हाकून आलेला.

पण वाळवंट निराळं आणि सोलापूरची काळी माती निराळी. गेल्या महिन्यात गाडी एका ओढ्यापाशी सहा तास रुतून बसली. पुढच्या वस्तीवर एक बाळंतीण अडली होती. गाडी निघाली तेव्हा तिकडं जाण्याचं कारण उरलं नव्हतं. मालती त्याबद्दल कुणाशी बोलली नाही. मंडळातली माणसं मात्र बोलू लागली, की पावसाळ्यात जी गाडी वेशीबाहेर जात नाही ती ठेवायची कशाला?

"टायर बदलून बघू," मालती म्हणाली. "महिनाभर थांबा."

मुंबईच्या दोन कंपन्यांना पत्रं गेली. दोन्ही कंपन्यांनी दोन-दोन टायर नमुन्याला पाठवले. एका जोडीच्या अंगावर सलग गोल फिरणाऱ्या बारीक धारा होत्या. दुसरीवर जाडजूड ठोकळे, मध्ये बोटभर खोल खाचा. मायाप्पानं दोन्हींवरून हात फिरवला आणि निकाल देऊन टाकला, "ह्यो धारवाला म्हंजी पंपशू घातलेला बाबू. ह्यो ठोकळेवाला आपला गडी हाय."

"असं बघून ठरवायचं नसतं," मास्तर म्हणाले. त्यांना इतका आनंद गेल्या कित्येक वर्षांत झाला नव्हता. "डावीकडं दोन्ही चाकांना धारा, उजवीकडं ठोकळे. तीच गाडी, तेच वजन, तोच चिखल. मग कळेल कोण किती रुततं ते."

भाद्रपदात उत्तरा नक्षत्राचा पाऊस दोन दिवस कोसळून पहाटे थांबला, त्या रविवारी तिघं निघाले. मास्तरांपाशी फूटपट्टी, वही आणि बटाट्याच्या भाजीचा डबा. हवा धुतल्यासारखी लख्ख होती. मंद्रूपपर्यंत खडीचा रस्ता. त्यावर ठोकळे भुंग्यासारखे गुणगुणत राहिले आणि धारा गुपचूप पळाल्या. 'पक्क्या रस्त्यावर धारवाले बरे,' मास्तरांनी लिहिलं. मायाप्पानं तोंड वाकडं केलं.

मंद्रूप सोडून भीमेकडच्या गाडीवाटेला लागताच चित्र पालटलं. फर्लांगभरात धारांमधल्या फटी चिखलानं लिंपून गेल्या आणि चाक घोटून काढल्यासारखं गुळगुळीत झालं. ठोकळे मात्र माती उचलत आणि मागं भिरकावत. त्यातला एक गोळा मालतीच्या गालावर बसला, तशी ती खळखळून हसली. "लिही दादा! ठोकळेवाला नेमबाज आहे."

दर अर्ध्या मैलावर थांबायचं, मास्तरांनी धोतर खोचून उतरायचं, मागं उमटलेल्या दोन्ही चाकोऱ्यांत पट्टी घालायची, असं चाललं होतं. डावीकडं अडीच इंच, उजवीकडं पावणेदोन. कडेनं ज्वारी गुडघ्याला लागली होती आणि रानात चिटपाखरू नव्हतं.

चौथ्यांदा थांबले तेव्हा मायाप्पा खाली उतरला, पण मागं बघण्याऐवजी गाडीच्या पुढं जाऊन उभा राहिला.

"मास्तर, हिकडं या जरा."

पुढच्या वाटेवर चाकोऱ्या उमटल्या होत्या. डावीकडं धारा, उजवीकडं ठोकळे.

"आपण आत्ता पुढं-मागं केलं का?" मास्तरांनी विचारलं.

"न्हाय की. हितं तर आत्ताच आलोय."

मालतीही खाली उतरली. तिघं बघत राहिले. बांधावरून एक शेतवाट येऊन मिळत होती, पण तिच्यावर काही नव्हतं. या चाकोऱ्या वाटेच्या मधोमध सुरू झाल्या होत्या, गाडीच्या नाकापासून पाचेक हातांवर, आणि पुढं दिसेनाशा होईपर्यंत गेल्या होत्या. कडा ताज्या होत्या. ठोकळ्यांच्या खळग्यांत पाणी अजून झिरपत होतं.

"दुसरी कुणाची गाडी असेल," मालती म्हणाली.

"हे टायर जिल्ह्यात दुसऱ्या कुणाकडं नाहीत," मास्तर म्हणाले. "असले तरी डावीकडं एक आणि उजवीकडं एक, असे माझ्याशिवाय कोण शहाणा लावणार?"

यावर मालती हसली आणि मायाप्पाही हसला. मास्तरांनी पट्टी घातली. डावीकडं अडीच इंच, उजवीकडं पावणेदोन. दोन चाकोऱ्यांमधलं अंतरही तंतोतंत आपल्या गाडीचं. त्यांना भीती वाटली नाही. न सुटणारं गणित फळ्यावर दिसावं तसा उलट हुरूपच आला. फक्त एक फरक त्यांना सापडला. पुढच्या उजव्या चाकोरीत दर साडेआठ फुटांवर एक ठोकळा कमी होता. चाक एकदा फिरलं की एकदा तिथं कोरी जागा.

"आपल्या टायरचा ठोकळा तुटलाय का?"

मायाप्पानं उजवीकडची दोन्ही चाकं पाण्यानं धुऊन बोटानं चाचपली. "समदं जागच्या जागी हाय."

"मग ती गाडी आपली नाही," मास्तर समाधानानं म्हणाले आणि त्यांनी तसं लिहिलं.

पुढं ओढा लागला. पाणी घोट्याएवढं, पण गढूळ. मायाप्पानं सांभाळून गाडी घातली. मध्यावर खालून करकरून आवाज आला, गाडी उजवीकडं उचलली गेली आणि धपकन खाली बसली. पलीकडच्या काठावर चढल्यावर मायाप्पा वाकून बघत राहिला.

"दगडानं खाल्लं," तो म्हणाला. "मागच्या चाकाचा एक ठोकळा गेला."

मास्तरांनी मागं जाऊन आपली नवी चाकोरी पाहिली. साडेआठ फुटांवर कोरी जागा. परत साडेआठ फुटांवर. त्यांनी वही उघडली, पेन्सिल टेकवली आणि काही न लिहिता मिटली.

"काय झालं रे?" मालतीनं विचारलं.

"काही नाही. चला पुढं."

थोड्या अंतरावर वाट फुटत होती. त्यांचा बेत सरळ नदीकाठानं जायचा होता. पुढच्या चाकोऱ्या मात्र डावीकडं, ज्वारीतून वळल्या होत्या.

"तिकडं काय आहे?" मालतीनं विचारलं.

"शिद्धाप्पा धनगराची वस्ती. दोन घरं हायती. वाट लई वंगाळ, हितनं बैलगाडीबी न्हेत न्हाईत पावसात."

"जाऊ या की मग. वाईट वाटेसाठीच तर आलोय."

वाट खरोखरच वाईट होती. एका खोलगटात डावीकडची धारवाली चाकं जागच्या जागी गरगर फिरू लागली, गाडी कलली, आणि क्षणभर तिघांनाही मागच्या महिन्यातला तो ओढा आठवला. पण उजवीकडच्या ठोकळ्यांनी कुठं तरी तळाशी पाय रोवला. गाडी कण्हत कण्हत वर आली. मायाप्पानं टोपी काढून हवेत उडवली. "म्हनलं नव्हतं? आपला गडी हाय!"

मास्तरही हसले. पण त्यांचं लक्ष पुढं होतं. ती दुसरी गाडी या खोलगटात अडकलेलीच दिसत नव्हती. तिच्या चाकोऱ्या डबक्याला वळसा घालून बांधाच्या कडेकडेनं गेल्या होत्या, ही जागा जुनी ओळखीची असल्यासारख्या.

वस्तीवर दोन छपरं, मेंढरांचा रिकामा वाडा आणि एक कडुलिंब होता. दारात पागोटं बांधलेला म्हातारा उभा होता, तो शिद्धाप्पा. गाडी दिसताच त्यानं आत हाक दिली. त्याची बायको चंद्रव्वा लगबगीनं बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, होती ती नुसती घाई.

"या बाई, या. पानी उकळून ठिवलंय तुमी सांगितल्यापरमानं. फडकीबी धुतल्याती."

मालती पायरीवर थबकली. "मी सांगितलं?"

"आत्ताच न्हवं का? सून दोन दिस अडलीया माजी, बसव्वा. पोराचा हात भाईर आलाय. चला की बेगीन!"

मालतीनं पुढं एकही प्रश्न विचारला नाही. औषधांची पेटी घेतली, पदर खोचला आणि ती आत गेली. मायाप्पा हातात धुतलेली घमेली घेऊन दाराशी उभा राहिला.

दीड तास गेला. मास्तर अंगणात येरझारा घालत होते. मोजायला काही सुचत नव्हतं. मग आतून एक बारीक, चिडका, खणखणीत आवाज आला, आणि शिद्धाप्पा मटकन ओट्यावर बसला.

"पोरगी झाली," मालतीनं आतूनच ओरडून सांगितलं. "आई बरी आहे! दोघी बऱ्या आहेत! दादा, वजन करायचं तर ये!"

मायाप्पानं म्हाताऱ्याला मिठीच मारली. दोघं कानडीत एकमेकांना काहीबाही सांगत, हसत, डोळे पुसत बसले. मास्तरांना हुंदका आवरेना. मागच्या महिन्याचं ओझं कुणीतरी पाठीवरून अलगद उतरवून घेतल्यासारखं वाटलं. मंडळाला आता काय सांगायचं ते वहीत लिहायचीही गरज नव्हती.

चहा झाल्यावर मास्तर एकटेच कडुलिंबाकडं गेले.

दुसऱ्या गाडीच्या चाकोऱ्या झाडाखाली आल्या होत्या आणि तिथंच संपल्या होत्या. गाडी वळल्याची खूण नव्हती. परत गेल्याचीही नव्हती. त्यांनी झाडाला पूर्ण फेरी मारली. सगळीकडं ओली, सपाट, काळी माती होती, आणि तिच्यावर त्यांच्या स्वतःच्या पावलांखेरीज काही नव्हतं.

चंद्रव्वा राख टाकायला बाहेर आली होती.

"आजी, सकाळी कोण आलं होतं?"

"ह्या बाईच की."

"आमच्याआधी?"

"व्हय. ऊन वर यायच्या आदी. बसव्वाच्या पोटाला हात लावला, म्हनल्या पोर आडवं हाय, पानी उकळा, मी आलेच."

"गाडी कोण चालवत होतं? हा मायाप्पा?"

"कुनी न्हवतं. एकल्याच हुत्या. त्याच चालवत हुत्या."

"मग गाडी गेली कुठून?"

म्हातारीनं ज्वारीकडं हात केला. ज्वारी सलग उभी होती.

ती जायला वळली आणि परत थांबली. जरा संकोचून, हळू आवाजात म्हणाली, "येक इचारू का? सकाळी त्यांचं केस पार पांढरं हुतं. आन आता काळंभोर. शहरात त्याचं औशीद मिळतंय का?"

मास्तरांनी वळून घराकडं पाहिलं.

घरात मालती बाळाशी बोलत होती. तिचं हसणं बाहेर ऐकू येत होतं. दारातून तिची पाठ दिसत होती, आणि पाठीवर सुटलेली काळी, जाड वेणी.

"आणखी काही म्हणाल्या का त्या?"

"व्हय. म्हनल्या, मागनं माजा भाऊ येईल. चिखल मोजत बसंल. त्येला घाई करू नगा, मोजू द्या हवं तेवडं."

"एवढंच?"

"मग हितं झाडाखाली बसल्या, वाटंकडं बघत. पदर डोळ्याला लावून लई येळ बसल्या." चंद्रव्वानं हातातलं टोपलं झटकलं. "मी म्हनलं, भाऊ येतोय न्हवं मागनं? मग रडताय कशाला, बाई? तर म्हनल्या, लई वर्सं झाली त्येला बघून."