चांदणीची आयाळ

आनंद बायकोचा टॅब दुरुस्त करून आणायला बुधवार पेठेत गेला, तिथून ही गोष्ट सुरू होते. यात भिण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. त्यालाही तसंच वाटलं होतं बिचाऱ्याला.

त्याची बायको दीपमाला कॅन्सरनं गेली, त्याला वर्ष होत आलं होतं. दुखण्यात तिचे कमरेपर्यंतचे केस गेले. तेव्हा दवाखान्याच्या पलंगावर ती आणि लेक अपेक्षा या टॅबवर घोड्यांचा एक गेम खेळत बसायच्या. त्यात आपला घोडा आपण सजवायचा. आयाळ लांब की आखूड, रंग कुठला, शेपूट मोकळी ठेवायची की तिची वेणी घालायची, सगळं बोटानं निवडायचं. दोघींनी एक पांढरीशुभ्र घोडी केली होती, चांदणी नावाची. "माझे गेले गं, हिचे वाढवू," असं दीपमाला म्हणायची. एकदा अपेक्षा म्हणाली, "आई, माझे घे ना." "सगळे?" "हो, सगळे!" दारात उभा असलेला आनंद ते ऐकून हसला होता.

"चालू झालाय साहेब," दुकानातला साईनाथ म्हणाला. "पण चार्जिंगची पिन गेल्यात जमा आहे. एकदा का हा पूर्ण बंद पडला, तर आतलं काही हाती लागायचं नाही. बंद पडू देऊ नका म्हणजे झालं."

टॅब पाहून पोरगी अशी हरखली, की आनंदला वाटलं, चला, एक तरी काम नीट केलं आपण.

अपेक्षाची वेणी रोज सकाळी शेजारच्या प्रेमलाकाकू घालून द्यायच्या. आनंद अमरावतीकडचा, नोकरीसाठी कोथरूडला आलेला. पुण्यात सख्खं असं कोणी नाही, आणि वेणी घालणं त्याला काही केल्या जमायचं नाही. काकू तोंडानं फटकळ. "हिच्या डोक्यावर दोन भोवरे. भांग काढायला जावं तर कंगवाच गरगर फिरतो," असं रोज म्हणायच्या आणि रोज न चुकता यायच्या. त्याच दोन भोवऱ्यांवर ओठ टेकवून दीपमाला लेकीला उठवायची.

टॅब घरी आला आणि थोड्याच दिवसांत काकूंनी आनंदला दारात गाठलं. "अहो, पोरीला जेवायला घालता ना? वेणी उंदराच्या शेपटीएवढी राहिलीय." मग डॉक्टर झाले, रक्त तपासून झालं. सगळं म्हणे नॉर्मल. आणि आश्चर्य बघा, गळलेला केस काही घरात सापडेना. उशीवर नाही, कंगव्यात नाही, न्हाणीघराच्या जाळीत नाही. केस कमी होत होते, गळत मात्र नव्हते.

एका रविवारी दुपारी त्यानं लेकीच्या खांद्यावरून सहज टॅबमध्ये डोकावलं. चांदणीची आयाळ पार जमिनीला टेकली होती. पांढऱ्या घोडीला काळीभोर आयाळ, टोकाशी उन्हानं तांबूस झालेली, अगदी अपेक्षाच्या केसांसारखी. शेपटीची चारपेडी वेणी घातलेली आणि तिचं टोक आत दुमडून खोचलेलं. अशी वेणी त्यानं आयुष्यात एकाच बाईला घालताना पाहिलं होतं.

"छान घातलीस गं..." त्यानं वेणीकडे बोट दाखवलं.

"मी नाही घातली. आई घालते."

तो तिच्याजवळ खाली बसला. मग म्हणाला, "अपू, आपण ही आयाळ कापून टाकू या."

"नको बाबा! तिला फक्त केस हवेत. ते नाही मिळाले तर..."

"तर काय?"

पोरीनं टॅब छातीशी घट्ट धरला आणि मान फिरवली.

बाप होता हो. काय करणार? दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर त्यानं गेम उघडला, कात्रीच्या चित्रावर बोट ठेवलं आणि 'अगदी बारीक' निवडलं. आयाळ गेली. शेपटीची वेणी गेली. खोलीत खोबरेल तेलाचा वास पसरला आणि त्यात मिसळलेला तो दवाखान्याचा वास. घोडीनं सावकाश मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. गेममधली घोडी अशी बघत नाही. आनंदनं टॅब पालथा घातला, चार्जिंगला लावला आणि ऑफिसच्या कामाला बसला.

आणि काय सांगू, अपेक्षाचे केस परत आले! वेणी पुन्हा मनगटाएवढी झाली. "चला, बापाला अक्कल आली," काकू म्हणाल्या. आनंद दगडूशेठला जाऊन नारळ फोडून आला.

पोरगी मात्र गप्प झाली. तिचा हट्ट नाही, भांडण नाही. टॅबचं तर नावही काढेना. काकूंना नको म्हणाली आणि आपली वेणी आपणच घालू लागली. 'मोठी झाली' म्हणून आनंदनं मनाची समजूत घातली. ती वेणी कशी घालते, हे पाहायचं त्याला सुचलं नाही, की धीर झाला नाही, कुणास ठाऊक.

मग एका गुरुवारी काकू वाटीत काहीतरी घेऊन आल्या. शाळेला सुट्टी होती. अपेक्षा खिडकीशी पाठमोरी बसली होती. काकू तिच्याकडे बघत राहिल्या आणि आनंदला बाहेर जिन्यात घेऊन गेल्या. आज त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

"आनंद... हिचा भांग इतका सरळ कसा निघाला? भोवरे कुठे गेले हो? जन्माचे भोवरे असे... जात नाहीत..."

तो धावत आत आला. आधी त्यानं लेकीच्या डोक्याकडे पाहिलं. सरळ, स्वच्छ भांग. पाठीवर चारपेडी वेणी, टोक आत दुमडलेलं. मग त्यानं चार्जिंगला पालथा पडून असलेला टॅब सुलटा केला.

तबेल्यात चांदणी नव्हती. एका कोपऱ्यात एवढंसं शिंगरू उभं होतं. त्याची आखूड काळी आयाळ कुणी विंचरलेली नव्हती. आनंदला पाहताच ते लटपटत पुढे आलं आणि त्यानं काचेला कपाळ टेकवलं. कपाळावर दोन भोवरे होते.

"अपू..." त्यानं काचेवर बोट ठेवलं. शिंगरानं डोळे मिटले.

आणि डोक्यावरचा पंखा मंदावत मंदावत थांबला. दर गुरुवारी दुरुस्तीसाठी जाते, तशी वीज गेली होती. टॅबच्या कोपऱ्यात बॅटरीची रेघ लाल झाली. पिन ढिली, चार्जिंग कधी सुटलं होतं कोण जाणे. त्यानं पॉवर बँक आणली, वायर खुपसली, अंगठ्यानं दाबून धरली, तिरकी केली, सरळ केली. पिन लागेना. "काकू! तुमच्या इन्व्हर्टरवर..." तो ओरडला. त्याला रडू फुटलं होतं. शिंगरू एका पायानं काच खरवडत होतं.

खिडकीजवळून ती उठली. त्याच्याजवळ येऊन बसली आणि वेणी खांद्यावरून पुढे घेत समजुतीच्या आवाजात म्हणाली, "जाऊ दे ना आता. मी आहे ना?"

टॅब विझला.

काळ्या काचेत आनंदला स्वतःचा चेहरा दिसला, तिचा दिसला. मग दोन्ही चेहरे धूसर झाले. काचेवर वाफ धरली होती, एवढ्याशा नाकपुड्यांची. त्यानं शर्टाच्या बाहीनं काच पुसली. वाफ आतल्या बाजूनं होती.