बसकीचं बेट आणि निळा हात

या, असे जवळ सरकून बसा. आज एक घाण गोष्ट सांगतो. घाण म्हणजे ऐकतानासुद्धा नाक धरावं अशी. जेवायचं राहिलं असेल तर आधी जेवून या, नंतर घास उतरणार नाही. पण ऐकाच. तीन पोरांनी एका बड्या माणसाला असं धरलं, की त्याला तोंड सोडा, हात दाखवायला जागा उरली नाही.

तर एक तळं होतं. पलीकडचा काठ दिसू नये एवढं मोठं. मधोमध एक बेट, आणि त्या बेटाची राखणदार होती आत्या. सुट्टीला तिच्याकडे तिची तीन भाचरं आली होती. थोरली शब्दाला शब्द लावायची, म्हणून तिला सगळे वकील म्हणायचे. मधला ढेकऱ्या. नाव का पडलं ते विचारू नका. धाकटी टिल्ली, जिला दर वाक्याला "म्हणजे?" विचारल्याशिवाय चैन पडायचं नाही.

आत्यानं त्यांना होडीतून बेटावर नेलं. उतरता उतरता ढेकऱ्याचा पाय एका करड्या पाखरावर पडायचाच राहिला. पाखरू जागचं हललं नाही. उलट मान वाकडी करून त्याच्या बुटाची नाडी ओढायला लागलं.

"आत्या, हे आजारी आहे का गं?"

"आजारी तू असशील. ही बसकी. हिला उडता येत नाही आणि भ्यायचं कसं तेही ठाऊक नाही."

"म्हणजे?" टिल्लीनं विचारलं.

"म्हणजे भिणार कोणाला? इथे साप नाही, मांजर नाही. चोरच नाही तर कुलूप कशाला? हिचे खापरपणजे कधीतरी वादळात सापडून इथे येऊन पडले. खायला भरपूर, मागे लागणारं कोणी नाही. पिढ्यानपिढ्या पंख आखडत गेले. अंडीसुद्धा उघड्यावर घालते बघ." आत्यानं एक झुडूप हातानं खुशाल कुरवाळलं. "काठावर याच्याच भाऊबंदांना हे एवढाले काटे. इथे शेळी नाही, तर काटाही नाही. आणि इथले भुंगे बिनपंखांचे. उडणारे वाऱ्यानं पाण्यात गेले, चालणारे राहिले."

"थोडक्यात, इथे आळशी टिकतात," वकील म्हणाली. "ढेकऱ्याला ठेवूनच जाऊ."

तेवढ्यात वारा फिरला आणि दोघी बहिणींनी एकदम ढेकऱ्याकडे बघितलं.

"मी नाही! शप्पथ!"

खरंच तो नव्हता. एवढा वास एका पोराच्या पोटात मावतच नाही. वासाच्या मागे मागे सगळे खडकांपलीकडे गेले, आणि तिथे उकिरडा. माशांची मुंडकी, चोखलेली हाडं, आंबलेलं वरण, तेलकट कागद, आणि सगळ्यांतून पाझरणारं पिवळं, चिकट पाणी.

"आत्या," टिल्ली म्हणाली, "भात हलतोय."

तो भात नव्हता. ढेकऱ्या झुडपाआड जाऊन सकाळचा नाश्ता ठेवून आला.

पण आत्या उकिरड्याकडे बघतच नव्हती. पलीकडे एक बसकी अंड्यांवर बसली होती. एक लठ्ठ उंदीर आला, तिच्या पोटाखाली तोंड घातलं, अंडं ओढलं आणि तिच्यासमोर फोडून खाल्लं. बसकी नुसती बघत राहिली.

आत्याचा चेहरा उतरला. "कचऱ्याच्या पोत्यातून आला हा. एखादी गाभण उंदरीण सोबत आली असेल, तर काही वर्षांत बसकी फक्त चित्रात उरेल."

काठावर हॉटेल एकच होतं. आत्या तडक शेठकडे गेली. शेठ म्हणजे परीटघडीचा पांढरा शर्ट आणि अत्तराचा घमघमाट.

"बाई, आमचा कचरा गाडी नेते," शेठ म्हणाला. "तुमच्या सहलवाल्यांनी टाकला असेल. तुम्ही राखण करता की झोपा काढता? परवा तुमचे मोठे साहेब बेटाच्या तपासणीला येतायत ना, मीच सांगतो त्यांना."

घरी येऊन वकील येरझाऱ्या घालायला लागली. "याला रंगेहाथ पकडायला हवं."

"म्हणजे?" टिल्ली.

"म्हणजे चोरी करताना धरायचं."

"मग रंग कुठेय?"

ढेकऱ्या खो-खो हसला आणि मध्येच थांबला. दोरीवर आत्याच्या पांढऱ्या चादरी वाळत होत्या. खाली निळीचा डबा होता. कोरडी भुकटी. ओली झाली की हाताला आठवडाभर सोडत नाही.

दुसऱ्या दिवशी ढेकऱ्या हॉटेलच्या आचाऱ्याकडे बर्फ मागायला गेला आणि गप्पाच मारत बसला.

"तुम्ही एवढं काम करता, वर पोतीही तुम्हीच उचलता?"

"छे रे बाबा. पोत्यांना शेठ कोणाला हात लावू देत नाही. पहाटे स्वतः नेतो. कुठे नेतो, देव जाणे."

तोवर मागच्या भिंतीवर टाकलेल्या रिकाम्या पोत्यांना बहिणी हाताला फडकी गुंडाळून आतबाहेर नीळ चोळत होत्या. पोती वाळून पापड झालेली, आतून मात्र शेवाळासारखी बुळबुळीत. वकीलबाईंच्या कोपरावर काहीतरी मऊ वळवळलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला बोलायला शब्द सापडला नाही.

तपासणीच्या दिवशी बेटावर साहेब आले, आत्या आली, पोरं आली. शेठही आला, दोन्ही हात पँटच्या खिशात घालून. आत्यानं सगळ्यांना खडकांपलीकडे नेलं. उकिरडा निळाशार. मुंडकी निळी, हाडं निळी, अळ्यासुद्धा निळ्या.

"बघा साहेब, हे सहलवाले," शेठ म्हणाला. "रंगबिंगसुद्धा टाकतात."

"काका, हात दुखतायत का?" वकीलनं विचारलं.

"थंडी वाजते."

ऊन तर असं होतं, की साहेबांच्या टकलावर पापड भाजला असता. आणि माश्या! उकिरड्यावरच्या त्या हिरव्या, जाड माश्या. एक शेठच्या कपाळावर बसली. शेठनं भुवया उडवल्या. दुसरी ओठावर. शेठनं फुंकर मारली. तिसरी नाकपुडीत शिरायला लागली. शेठ वाकला, नाक मुरडलं, पाय आपटले. शेवटी सहन होईना आणि त्यानं स्वतःच्याच गालावर फाडकन हात मारला.

शेठच्या गालावर घामानं ओला, पाची बोटांचा निळा पंजा.

"आत्ता कळलं रंगेहाथ," टिल्ली म्हणाली.

साहेबांनी शेठला दुसरा हातही दाखवायला लावला. मग त्या दोन्ही हातांनी अख्खा उकिरडा पोत्यांत भरायला लावला, शेवटच्या काट्यापर्यंत. शेठ ओकत होता आणि भरत होता.

पण उंदीर होतेच की. साहेबांच्या माणसांनी बेटभर पिंजरे लावले. पोरं सुट्टी संपेपर्यंत रोज आत्याबरोबर ते तपासायची. मेल्या उंदरांचा वास जेवतानाही बोटांतून जायचा नाही. बसक्याही पिंजऱ्यात शिरून बसायच्या, बाहेर काढलं की रागवायच्या. पोरं घरी गेली तरी पिंजरे राहिले. पार पुढच्या सुट्टीला, ते कितीतरी दिवस रिकामे राहिल्यावर, आत्यानं पोरांना पहिली पिल्लं दाखवली.

"शाबास," त्या दिवशी मुद्दाम आलेले साहेब म्हणाले आणि हात मिळवायला पुढे आले. तिघांचे चिखलानं बरबटलेले हात बघून त्यांनी लांबूनच नमस्कार केला.

आत्या कौतुकाची कंजूष. ती एवढंच म्हणाली, "अंघोळीचा आळस आहे, पण बसक्या वाचल्या त्या तुमच्यामुळे."

तेव्हा बाळांनो, एक मागणं आहे. अशा बेटावर कधी जाल, तर होडीत पाय ठेवायच्या आधी आपली पिशवी उलटी करून झटका. आत काय लपून बसलंय, सांगता येत नाही. तिथलं पाखरू पळणार नाही, ओरडणार नाही. ते तुमच्याकडे बघत बसेल. तेवढी पिशवी झटका.