मोठीचा हिरवा ड्रेस

वजनमापं तपासण्याच्या कचेरीत जो कुणी मुख्य होतो, त्याचा फोटो आतल्या लांब बोळात भिंतीवर लागतो. आजवर तिथे अकरा पुरुष लटकले होते. बारावी आली धाकटी. पंचवीस वर्षं तिने दुकानदारांची खोटी वजनं पकडली, त्यांच्या शिव्या खाल्ल्या, आणि आता कुठे तिचा चेहरा कुणालातरी हवा होता. म्हणून तासभर आरशापुढे घालवून तिने फोटोसाठी ड्रेस निवडला. विटकरी रंगाचा, साधा, पण कोरा. लहानपणापासून तिच्या अंगावर जे चढलं, ते मोठ्या बहिणीच्या अंगावरून उतरलेलं असायचं.

ती तयार होऊन बाहेर आली, तर आई मांडीवर हिरवा ड्रेस घेऊन बसलेली. मोठीचा. मोठी बाविसाव्या वर्षी तापाने गेली, त्याला तीस वर्षं होऊन गेली होती.

"हा घाल," आई म्हणाली.

"आई, कचेरीतला फोटो आहे. माझा."

"मग तुझाही काढ की. पण आधी एक यात काढ. तुझी चेहरेपट्टी तिचीच आहे. मला ती घरच्या भिंतीवर हवीय."

मोठीचा एकुलता एक फोटो घर बदलताना हरवला होता. सामान उतरवलं टेम्पोवाल्याने, पण खापर फुटलं धाकटीच्या डोक्यावर.

"मला कसा बसेल तो?"

"कडेची शिवण सोडून वाढवलाय मी. बसेल बरोबर."

"माप कधी घेतलंस?"

"तू झोपलेली असताना," आई म्हणाली आणि ड्रेसची घडी घालू लागली. ऐंशीला टेकली होती, पण अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवायची.

मेल्या म्हशीला मणभर दूध, म्हणतात. मोठी गात होती, मोठी रांधत होती, मोठी असती तर घराचं सोनं झालं असतं. धाकटी आईला औषध देत होती, तिचे पाय चेपत होती, पण त्याची कुणी गोष्ट सांगत नाही. जन्मभर तराजू तपासूनही हा एक मण तिला कधी खोटा ठरवता आला नाही. तरी तिने मुकाट्याने हिरवा ड्रेस पिशवीत घातला. आईने कधीतरी तिचाही फोटो हातात घ्यावा आणि 'छान आलीस गं' म्हणावं, एवढीच तिची हाव होती, आणि त्या हावेची तिलाच लाज वाटत होती.

स्टुडिओ एका औषधाच्या दुकानावर होता. भर दुपार होती, पण आत जाड काळे पडदे. कपडे बदलायच्या खोपटात तिने हिरवा ड्रेस डोक्यावरून घातला. डांबरगोळ्यांचा वास येणारच होता. त्याखालून दुसराही एक वास आला, नुकत्याच धुतलेल्या केसांचा... आणि ड्रेस आतून उबदार होता. आपल्या आधी कुणीतरी तो घालून आत्ताच काढून ठेवला असावा, असं तिला वाटलं.

ती स्टुलावर बसली. दिवे लागले. फोटोग्राफर म्हातारा, बोलघेवडा होता, पण कॅमेऱ्याला डोळा लावल्यावर गप्प झाला. चार वेळा खटका वाजला. मधे धाकटीला आपल्या मांडीवरचे हात दिसले. ते तिने ठेवले नव्हते तसे ठेवलेले होते, एकावर एक.

खोपटात परतून तिने घाईघाईने ड्रेस ओढून काढला, खुंटीला अडकवला आणि विटकरी ड्रेस चढवला. बाहेर आली तेव्हा फोटोग्राफर भिंग पुसत होता.

"या, बसा बाई. तुमच्या बहिणीचे फार सुरेख आले."

"कुणाचे?"

"आत्ता बसल्या होत्या त्यांचे. जरा अबोल आहेत, नाही का?"

"अहो, ती मीच होते."

तो कसनुसा हसला. गिऱ्हाइकाशी वाद घालणारा माणूस नव्हता तो. "बरं. मान थोडी वर... तुम्ही फार अवघडलाय बघा. त्या कशा मोकळ्या बसल्या होत्या."

निघताना ती पिशवी भरायला खोपटात गेली. हिरवा ड्रेस खुंटीवर होता. त्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली होती. तिने ती लावली नव्हती.

तासाभराने पाकीट मिळालं. ते उघडून बघायचा धीर तिला झाला नाही. घरी येऊन तिने ते तसंच आईच्या हातात दिलं.

आईने वरचा फोटो काढला. धाकटीने खांद्यावरून पाहिलं. हिरव्या ड्रेसमधल्या मुलीच्या चेहऱ्यावर एक सुरकुती नव्हती, केसांत एक पांढरी तार नव्हती. हात मांडीवर, एकावर एक.

"आलीस गं बाई..." आई पुटपुटली. तीस वर्षांत तिचा आवाज इतका मऊ झाला नव्हता. धाकटीला दुःख झालं की नुसता राग आला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"आई, आता माझा बघ. खालचा."

आईने दुसरा फोटो काढला. लांब धरून पाहिला, जवळ आणून पाहिला, खिडकीच्या उजेडात नेऊन पाहिला. मग वळली आणि धाकटीच्या गालावरून मायेने हात फिरवला. असा हात तिने धाकटीच्या गालावरून कधीच फिरवला नव्हता.

"आणि ही बाई कोण गं, मोठे?"

"आई... मी धाकटी."

"कोण धाकटी?" आईने विचारलं. चेष्टा नव्हती, चीड नव्हती. खरंच ठाऊक नसल्यासारखं विचारलं.

धाकटीने तिच्या हातातून फोटो ओढून घेतला आणि खिडकीशी गेली. बराच वेळ ती त्यातल्या बाईचा चेहरा बघत राहिली. विटकरी ड्रेस तिने लगेच ओळखला.