सव्वीस नंबरच्या काचा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, एरवी हा विषय मी काढत नाही.

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला होते मी. माणसाची आठवण हळूहळू पुसून टाकणारा जो आजार आहे, त्यात मेंदूतल्या पेशी कुठे आणि किती मरतात, हा माझा विषय. काही लोक मरणोत्तर मेंदू दान करतात. त्याचे केसाहून पातळ काप करून, रंगवून काचपट्ट्यांवर बसवतात. आजारी मेंदूतल्या पेशी मोजायच्या, निरोगी मेंदूतल्या मोजायच्या, फरक मांडायचा. सांगायला सोपं. करताना मान आणि डोळे कामातून जातात.

एका सोमवारी सर म्हणाले, "सव्वीस नंबरची मोजणी पुन्हा एकदा करून टाक. परीक्षक शंका काढतील."

सव्वीस नंबर म्हणजे आमचा सगळ्यात निरोगी दाता. नाव आम्हाला कळत नसे. कागदावर एवढंच होतं: निवृत्त गणित शिक्षक, वय एक्याऐंशी, हृदयविकार, स्मरणशक्ती शेवटपर्यंत उत्तम. त्यांच्या बारा काचा होत्या.

सूक्ष्मदर्शकाची खोली तळघरात. बाहेर भर दुपार असली तरी दिवा मालवला की आत हात दिसत नसे. भिंतीपलीकडे शीतकपाटांची घरघर, आणि मेंदू टिकवायला वापरतात त्या फॉर्मॅलिनचा वास, जो घरी जाऊन आंघोळ केली तरी केसांत राहतो. मी पहिली काच लावली. वर्षापूर्वी तिच्यावर चारशे बारा पेशी मोजल्या होत्या. त्या दुपारी भरल्या तीनशे ऐंशी.

डोळे थकले असतील म्हटलं. मंगळवारी पुन्हा तीच काच घेतली. तीनशे चव्वेचाळीस. आणि एका कोपऱ्यात तपकिरी डाग. तो डाग मी चांगला ओळखते. तो आजाराचा.

मेलेल्या पेशी पुन्हा मरत नाहीत. मग काच बदलली कुणी?

पेटीच्या किल्ल्या दोघींकडेच होत्या. एक माझ्याकडे, एक ताईकडे. ताई म्हणजे माझी दोन वर्षांनी सीनियर. मोजायला मला तिनंच शिकवलं होतं. पण दोघींपैकी एकीचंच काम सर परदेशी परिषदेला पाठवणार होते, आणि माझे निरोगी दातेच आजारी निघाले असते तर माझं काम केरात. संशय एकदा शिरला की प्रत्येक गोष्टीत दिसायला लागतो. ती माझ्या आधी का येते? मी आत गेले की बोलता बोलता गप्प का होते?

मी सहा काचांच्या कडेला हिऱ्याच्या लेखणीनं बारीक खूण कोरली आणि पुढचे दोन आठवडे रोज त्याच सहा मोजल्या. खुणा जागच्या जागी. पेशी मात्र रोज कमी. अदलाबदल नाही, तर ताई काचेवरच काही करत असणार, असं मी ठरवून टाकलं.

एका दुपारी तळघराच्या दारात ती मला आडवी आली.

"सव्वीसला तू काय करतेयस?" तिनं हळू आवाजात विचारलं.

"मी? हे तू मला विचारतेस?"

"मी काल पाहिल्या त्या काचा. अगं, त्या बघवत नाहीत…"

"किल्ली तुझ्याकडेही आहे, ताई."

ती बाजूला झाली. मी तशीच जिना चढून सरांकडे गेले आणि तिचं नाव घेतलं. सरांनी तिची किल्ली काढून घेतली, चौकशी होईपर्यंत येऊ नको म्हणाले. जाताना तिनं टेबलावरचा स्वतःचा कप तेवढा उचलला. माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेटी मीच उघडली. एकच किल्ली, तीही रात्रभर माझ्या उशाशी. पहिल्या काचेवर दोनशे दहा.

या खेपेला न मोजलेली सातवी काच काढली. स्वच्छ. एक डाग नाही, पेशी चारशे पाच. हायसं वाटलं, ते चोवीस तास टिकलं. दुसऱ्या दुपारी सातवीवर डाग उठला होता. आठवी ते बारावी नुसत्या उजेडाला धरल्या, त्या मात्र स्वच्छ. त्या मी सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्याच नव्हत्या.

मी पेटी बंद केली आणि वर जाऊन ताईला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, तिनं तो कापला. माफी मागायची वेळ निघून गेली, की ती तशीच घशात राहते.

त्याच आठवड्यात एक बाई आल्या. पन्नाशीच्या, हातात मेंदूदानाची पावती. ऑफिसात कुणी नव्हतं, म्हणून आमच्या सहायक मामांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं. पावतीवर आकडा होता: सव्वीस.

"माझे वडील," त्या म्हणाल्या. "विचारायला जरा संकोच वाटतो… ते इथं नीट आहेत ना?"

"हो. का बरं?"

"जाऊन दोन वर्षं झाली. पण स्वप्नात येतात. माझ्या शाळेतल्या गमती सांगायचे, पाढे म्हणून घ्यायचे. अगदी जिवंतपणी होते तसे. आणि आता तीन आठवडे झाले…" त्यांनी पावतीची घडी घातली, पुन्हा उघडली. "आधी पाढे चुकायला लागले. मग आईचं नाव आठवेना. परवा मला म्हणाले, तुम्ही कुणाकडे आलात?"

मी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला.

"हयातीत कधी काही विसरले नाहीत हो. आता मला ओळखतसुद्धा नाहीत. फक्त कुणाला तरी हाका मारत बसतात. कळवळून. म्हणतात, तिला सांगा, आता बघू नको." त्यांनी पावती मिटली. "तुमच्याकडे टिटवी म्हणून कुणी आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "असं इथं कुणी नाही."

त्या नावानं मला एकटी आईच हाक मारायची. आईला जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.