‘सेट’ची तेविसावी जुडी

१९११ सालच्या एका सोमवारी, सगळे जेवायला गेले असताना, ऑक्सफर्डच्या शब्दकोश कचेरीतून ‘सेट’ हा शब्द चोरीला गेला.

म्हणजे त्याच्या चिठ्ठ्या. सूर्य सेट होतो, जेली सेट होते, मोडलेलं हाड सेट करतात, बशांचा सेट असतो. असे चारशेवर अर्थ, प्रत्येकाला जुन्या पुस्तकांतले दाखले. हेस्टर ॲपलगार्थने नऊ वर्षं खपून ते लावले होते. शुक्रवारी छपाई होती. या शब्दाखाली बाईचं नाव छापायचं, असं समितीने प्रथमच ठरवलं होतं. चिठ्ठ्या नाहीत तर नावही नाही.

मागची खिडकी फुटलेली होती. सार्जंट टनिक्लिफने काचा पाहिल्या आणि विचारलं, असला माल विकत घेतो कोण? लंडनचे प्रतिस्पर्धी, असं मुख्य संपादक डॉ. लट्रेल म्हणाले. मग त्यांनी कोटाच्या खिशातून ‘सेट’च्या चिठ्ठ्यांची एक जुडी काढली. हेस्टरने ती रविवारी घरी पुरी करून सकाळी दारातच त्यांच्या हातात दिली होती. वाचायला म्हणून खिशात राहिली, म्हणून वाचली.

“धीर धर, पोरी. मी आहे ना.”

हेस्टर रिकाम्या खणाकडे बघत होती. आत एक गुलाबी कार्ड उभं होतं. शिरस्ताच तो: खणातून काही काढलं, की तिथे कार्ड ठेवायचं. अक्षर कचेरीत सगळ्यांचं असतं तसं छापील वळणाचं. ‘सेट. जुड्या २३.’ खाली सही नव्हती.

तिने कारकून पॉबजॉयला विचारलं, खणात जुड्या किती होत्या?

“बावीस, बाई. शनिवारी मीच मोजल्या. एवढ्याच आहेत ना?”

“चोराला मोजता येत नसेल,” सार्जंट म्हणाला.

“चोर कार्ड ठेवत नाहीत, सार्जंट. काच आपल्यातल्याच कुणीतरी फोडली आणि जाता जाता हाताने सवयीने कार्ड लिहिलं. खणात बावीसच होत्या. पॉबजॉयला तेविसावी ठाऊकच नाही. ती आहे हे मला माहीत होतं.” ती वळली. “आणि ती ज्यांच्या खिशात होती त्यांना. सर?”

डॉक्टरांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

“छत्तीस वर्षं हा कोश मी ओढला. आणि नाव तुझं?”

“शिफारस तुम्हीच केली होती.”

“मला वाटलं, समिती नाही म्हणेल.”

बावीस जुड्या त्यांच्या तीनचाकी सायकलच्या टोपलीत निघाल्या, रेनकोटाखाली, क्रमाने लावलेल्या.

संध्याकाळी हेस्टरने तेविसाव्या जुडीची दोरी सोडली. एका दाखल्याचं साल डॉक्टरांनी पेन्सिलीने बदललं होतं. तिने ग्रंथालयात जाऊन मूळ पुस्तक काढलं. दुरुस्ती बरोबर होती.

तेव्हा कुठे तिला रडू आलं.